‘एच’ अक्षरामागचा माणूस

विंचेस्टर हे नाव होस्टेलवर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वेस्टर्न पिक्चरमध्ये घोड्यावर बसलेला हिरो खालची लिव्हर खटकन् पुढेमागे करतो आणि दनादन गोळ्या सुटतात, तीच ती रायफल. मजा म्हणजे ऑलिव्हर विंचेस्टर हा मुळात शर्ट बनवणारा कारखानदार. त्या रायफलीचं पोट ज्याने डिझाइन केलं, त्याचं नाव बेंजामिन टायलर हेन्री. आमच्या ब्रँचच्या पोरांना हा माणूस माहीत असायला हवा असं मला वाटतं, म्हणून हा खटाटोप.

हेन्रीचा जन्म २२ मार्च १८२१ चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या क्लेअरमाँट गावचा. लहान वयातच तो बंदूक बनवणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला लागला. पुढे व्हर्माँट राज्यातल्या विंडसर गावी रॉबिन्स अँड लॉरेन्स या कारखान्यात फोरमनपर्यंत चढला. हा कारखाना साधासुधा नव्हे. अदलाबदल करता येणारे सुटे भाग आपण फर्स्ट इयरला दोन मार्कांसाठी पाठ करतो ना, ते या लोकांनी खरोखर करून दाखवलं होतं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्यांच्या रायफली पाहून इंग्रज इतके चाट पडले की पुढे एनफिल्डच्या कारखान्यासाठी त्यांनी अमेरिकन मशिन्स विकत घेतली. हेन्रीचं कॉलेज म्हणाल तर हेच.

त्या काळात सगळ्यांना एकच वेड होतं, भराभर गोळ्या झाडणारी रायफल. सेफ्टी पिनचा शोध लावणारा वॉल्टर हंट यानेही त्यात उडी घेतली होती. त्याने १८४८ मध्ये पोकळ गोळी काढली. दारू गोळीच्याच पोटात, वेगळं कवच नाहीच. कल्पना सुंदर, पण गोळीच्या पोटात जागा किती असणार? दारू चिमूटभर, मारा मिळमिळीत, आणि कवच नसल्यामुळे मागून गॅस गळायचा. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन (हो, तेच ते स्मिथ अँड वेसन) यांनी तिच्यावर मेहनत घेतली, व्होल्कॅनिक नावाची कंपनी निघाली आणि बुडालीही. विंचेस्टरचे पैसे तिच्यात अडकले होते. त्याने १८५७ मध्ये उरलंसुरलं उचलून न्यू हेवन आर्म्स कंपनी काढली आणि कारखाना चालवायला हेन्रीला आणलं.

हेन्रीने ओळखलं की दुखणं रायफलीचं नाही, काडतुसाचं आहे. त्याने ०.४४ इंची रिमफायर काडतूस तयार केलं. गोळी सुमारे १३ ग्रॅमची, दारू पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, आणि सगळं तांब्याच्या कवचात बंद. कवच फुगून मागचा भाग सील करतं, गॅस गळत नाही.

आता रिमफायर म्हणजे काय ते थोडक्यात. काडतुसाच्या बुडाला जी बाहेर आलेली कड असते ती आतून पोकळ असते. त्या पोकळीत ठिणगीचं रसायन भरतात. हेन्रीच्या काळी त्यात पाऱ्याचं फल्मिनेट असे. फायरिंग पिन कड चेपते, रसायन पेटतं, त्याने दारू पेटते. बनवायला सोपं, म्हणून स्वस्त. पण गोम इथेच आहे. ओलं रसायन कवचात टाकून ते गरगर फिरवतात, म्हणजे ते कडेत सगळीकडे पसरतं. एखाद्या जागी नाही पोचलं आणि पिन नेमकी तिथेच बसली, की नुसता टक् आवाज. बाकी काही नाही.

एनसीसीवाल्यांना हे सांगायला नको. आमच्या एका कॅम्पात फायरिंगला पाच-पाच राउंड मिळाले होते. पॉइंट टू-टू रायफल, पंचवीस मीटर. माझा तिसरा राउंड फुसका निघाला. उस्तादांनी बराच वेळ नळी समोरच ठेवायला लावली, मग काडतूस काढून किंचित फिरवून परत घातलं, आणि ठो! त्याच काडतुसाच्या कडेला दुसरीकडे रसायन शाबूत होतं.

हेन्रीने हीच गोष्ट रायफलीच्या आतच करून ठेवली. त्याची फायरिंग पिन दुटोकी होती, कडेवर समोरासमोर दोन ठिकाणी आघात करणारी. प्रोबॅबिलिटीचं गणित करून बघा. समजा वीसातल्या एका जागी रसायन नाही. एक टोक असेल तर वीसातलं एक काडतूस फुसकं. दोन टोकं असतील, आणि दोन्ही जागा एकमेकींवर अवलंबून नसतील, तर चारशेतलं एक. (वीसाचा आकडा माझा, गणितासाठी घेतलेला.) काडतूस परफेक्ट बनवता येत नाही ना, मग मशीनच असं करा की ते खराब काडतूस सांभाळून घेईल. मला स्वतःला हेन्रीची सगळ्यात मोठी कामगिरी हीच वाटते, लिव्हरबिव्हर नंतर.

१६ ऑक्टोबर १८६० ला पेटंट मिळालं. नळीत सोळा काडतुसं मावत. समोरच्या शिपायाकडे तोंडाने भरायची एकबारी बंदूक, आणि इकडे ही! अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं. तरी सरकारने विकत घेतल्या फक्त १,७३१. बाकी पुष्कळ शिपायांनी स्वतःच्या खिशातून घेतल्या. महिन्याला १३ डॉलर पगार आणि रायफल चाळीस डॉलरच्या आसपास, म्हणजे तीन महिन्यांचा पगार. जीव वाचणार असेल तर माणूस देतोच. १८६४ च्या ऑक्टोबरात अलाटूनाच्या लढाईत इलिनॉयच्या सातव्या पलटणीने याच रायफलींवर खिंड लढवली.

रायफलीत दोष नव्हते असं नाही. नळीला खालून लाकूड नाही, त्यामुळे हात भाजायचा. मॅगझिनला लांबलचक फट, तिच्यातून माती आत. आणि रिमफायरची मर्यादा होतीच. पिनने चेपायची म्हणून कड पातळ ठेवावी लागते, पातळ कड जास्त दाब सोसत नाही, म्हणून दारू कमी. तेव्हाच्या लष्करी बंदुकीत सुमारे चार ग्रॅम दारू असे, हेन्रीच्या दुप्पट.

हेच रिमफायर आज उरलंय ते मुख्यतः पॉइंट टू-टूमध्ये. लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालू आहे आणि स्वस्तातलं विरुद्ध मॅचचं हा वादही चालूच आहे. स्वस्त डब्यात दोन तक्रारी. एक फुसके राउंड, दुसरी वेगातला फरक. पन्नास मीटरवर एक गोळी सेकंदाला ३३० मीटरने गेली आणि दुसरी ३२० ने, तर हवेचा अडथळा सोडून दिला तरी दुसरी सुमारे ७ मिलिमीटर खाली लागते. ऑलिम्पिकच्या पन्नास मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे नेम, श्वास, ट्रिगर सगळं बरोबर आणि मार्क गेले काडतुसात! म्हणून मोठे नेमबाज नुसता ब्रँड बघून घेत नाहीत. आपल्याच नळीतून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडून बघतात आणि जो लॉट जमेल त्याचा साठा करतात. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवलं ते याच पन्नास मीटरच्या, तीन पोझिशनच्या प्रकारात.

तर हेन्री. रायफल त्याच्या नावाने विकली जात होती, पण पेटंट विंचेस्टरच्या नावे केलेलं होतं. मिळणारा मोबदला आपल्या कामाच्या मानाने फारच तुटपुंजा आहे असं हेन्रीला वाटू लागलं. १८६४ मध्ये त्याने कनेक्टिकटच्या विधिमंडळातून कंपनीची मालकीच आपल्याकडे घ्यायचा घाट घातला! विंचेस्टर तेव्हा युरोपात होता. तो धावतपळत परतला, डाव उधळला आणि १८६६ मध्ये सगळा पसारा विंचेस्टर रिपीटिंग आर्म्स या नव्या नावाखाली आणला. त्याच वर्षीच्या मॉडेलमध्ये नेल्सन किंग याने बाजूने काडतुसं भरायची खिडकी केली, फट बंद झाली, नळीखाली लाकूड आलं. आतलं मेकॅनिझम आणि काडतूस मात्र हेन्रीचंच राहिलं.

कोण बरोबर? पैसा, जोखीम, बाजार सगळं विंचेस्टरचं, हे मान्य. पण बुडीत कंपनी वर आली ती एका फोरमनच्या डोक्यामुळे. मला हेन्रीची बाजू थोडी जड वाटते. कॅम्पस प्लेसमेंटला बाँडवर सही करणाऱ्या आमच्या सीनियर्सनी आपापलं ठरवावं.

न्यू हेवन आर्म्स सोडल्यावर हेन्रीने स्वतंत्रपणे बंदुकांचं काम केलं. रायफली मात्र फिरत राहिल्या. एकूण सुमारे चौदा हजार बनल्या होत्या. १८७६ ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरच्या फौजेसमोरच्या आदिवासी योद्ध्यांकडेही हेन्री आणि विंचेस्टर होत्या. १९८३ मध्ये तिथलं गवत जळालं, पुढच्या वर्षी उत्खनन झालं, तेव्हा ०.४४ ची रिकामी कवचं निघाली. कवचांवरच्या पिनांच्या खुणा जुळवून संशोधकांनी कुठली बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली ते शोधून काढलं.

हेन्री ८ जून १८९८ ला न्यू हेवनमध्येच वारला. आज त्याच्या नावाची एक अमेरिकन कंपनी पॉइंट टू-टूच्या लिव्हर रायफली विकते, पण ती १९९६ ला निघालेली, त्याचा तिच्याशी संबंध नाही. संबंध आहे तो विंचेस्टरच्या रिमफायर काडतुसांशी. मालकाशी एवढं वाजूनही कंपनी त्यांच्या बुडावर अनेक दशकं एकच अक्षर ठोकत राहिली, एच.