फरसबंदीचा राजा ऑक्ताव्ह लापीझ

पॅरिस-रुबे या सायकल शर्यतीला जग ‘उत्तरेचा नरक’ म्हणून ओळखते. ओबडधोबड दगडांच्या फरसबंदीमुळे हे नाव पडले, असा सार्वत्रिक समज आहे. पण ते नाव दगडांनी नव्हे, तर पहिल्या महायुद्धाने दिले. ज्या सायकलपटूने युद्धापूर्वी या वाटेवर सलग तीन वर्षे राज्य केले, तो ऑक्ताव्ह लापीझ हे नाव ऐकायला जिवंत राहिला नाही.

लापीझचा जन्म 24 ऑक्टोबर 1887 रोजी पॅरिसमध्ये झाला. कुरळ्या केसांचा हा तरुण लंडनच्या 1908 च्या ऑलिम्पिकमध्ये 100 किलोमीटरच्या ट्रॅक शर्यतीत कांस्यपदकाचा मानकरी ठरला आणि पुढच्याच वर्षी व्यावसायिक शर्यतींकडे वळला.

पॅरिस-रुबे शर्यत तेव्हा तेरा वर्षांची झाली होती. रुबे हे फ्रान्सच्या उत्तर टोकाचे, कापडगिरण्यांचे शहर. तेथील दोन गिरणीमालकांनी शहरात सायकल ट्रॅक बांधला आणि त्याची ख्याती पसरावी म्हणून 1896 मध्ये राजधानीपासून रुबेपर्यंत ही एकदिवसीय शर्यत सुरू केली. मार्गातील फरसबंदी कोणी मुद्दाम शोधून काढलेली नव्हती. कोळशाच्या आणि शेतमालाच्या गाड्या जाव्यात म्हणून त्या प्रदेशातले नेहमीचे रस्तेच तसे बांधलेले होते. कोरड्या हवेत धुळीचे लोट उठत आणि पावसात दगडांवर चिखलाचा थर बसे. हादऱ्यांनी मनगटे बधिर होत, टायर फुटत. अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतर असेच तोडायचे आणि शेवटी दमलेल्या पायांनी रुबेच्या ट्रॅकवर वेगाची झुंज द्यायची, असे या शर्यतीचे स्वरूप होते.

हा शेवट लापीझसारख्या ट्रॅकवर घडलेल्या खेळाडूच्या पथ्यावर पडला. वयाच्या एकविसाव्या वर्षी, 1909 मध्ये त्याने रुबे जिंकले. 1910 मध्ये माजी विजेता बेल्जियमचा सिरिल व्हान हाउवार्ट याला मागे टाकून ते राखले आणि 1911 मध्ये विजयाची हॅटट्रिक पूर्ण केली. असा पराक्रम त्यापूर्वी कोणी केला नव्हता. त्यानंतर फ्रान्चेस्को मोझर याने तो 1980 मध्ये साधला आणि मॅथ्यू व्हॅन डर पोल याने 2025 मध्ये. 1911 हे वर्ष तर लापीझचेच होते. पॅरिस-टूर, पॅरिस-ब्रसेल्स आणि फ्रान्सचे राष्ट्रीय विजेतेपद ही तिन्ही यशे त्याने त्याच वर्षी मिळवली.

मात्र सामान्य क्रीडारसिकांच्या स्मरणात तो राहिला तो डोंगरामुळे. 1910 च्या टूर डी फ्रान्समध्ये आयोजकांनी प्रथमच पिरेनीज पर्वतातील उंच घाट समाविष्ट केले. 21 जुलै रोजीचा टप्पा 326 किलोमीटरचा होता. गिअर बदलण्याची आजच्यासारखी सोय सायकलींना नव्हती. तुरमाले घाटात लापीझला काही ठिकाणी सायकल हाताने ढकलत चालावे लागले. तरीही माथ्यावर तोच पहिला पोहोचला. पुढच्या ऑबिस्क घाटात संतापाच्या भरात त्याने आयोजकांना थेट खुनी ठरवले. पण सायकल सोडली नाही. तो टप्पा त्यानेच जिंकला. तेव्हा टूरचा निकाल वेळेवर नव्हे, तर गुणांवर लागत असे. लापीझने आपल्याच संघातील फ्रान्स्वा फाबेर याला अवघ्या चार गुणांनी मागे टाकून विजेतेपद पटकावले. सहा वेळा या शर्यतीत उतरलेल्या लापीझने ती पूर्ण केली ती एवढी एकदाच. 1912 मध्ये बेल्जियमचे खेळाडू संगनमत करत असल्याच्या निषेधार्थ त्याने शर्यत अर्ध्यावर सोडली. अन्याय निमूटपणे गिळणे त्याच्या स्वभावात नव्हते.

1914 ची टूर ज्या दिवशी सुरू झाली, त्याच 28 जून रोजी सारायेव्होमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली. शर्यत संपल्यावर आठवडाभरातच युरोप युद्धाच्या खाईत लोटला गेला. लापीझ लष्करात गेला आणि लढाऊ विमानाचा वैमानिक झाला. फाबेर मे 1915 मध्ये आघाडीवर ठार झाला. 14 जुलै 1917 रोजी, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, फ्लिरे गावाजवळच्या हवाई झुंजीत लापीझचे विमान पाडले गेले. गंभीर जखमी अवस्थेत त्याला तूल येथील रुग्णालयात नेण्यात आले. तेथे त्याची प्राणज्योत मालवली. त्याने तिशीही गाठली नव्हती. त्याच डिसेंबरमध्ये टूरचा आणखी एक विजेता लुसियाँ पेती-ब्रताँ युद्धसेवेत असताना मोटार अपघातात दगावला.

युद्ध थांबल्यावर 1919 मध्ये पॅरिस-रुबे पुन्हा भरवायचे ठरले. मार्गाची पाहणी करायला गेलेल्यांना गावांच्या जागी ढिगारे, जळून काळे पडलेले झाडांचे बुंधे आणि तोफगोळ्यांचे खड्डे दिसले. त्या दृश्याचे वर्णन करताना वृत्तपत्रांतून नरक हा शब्द आला आणि शर्यतीला कायमचा चिकटला. त्या वर्षी आँरी पेलिसिए विजयी झाला.

तुरमालेच्या माथ्यावर 1999 मध्ये उभारलेला सायकलस्वाराचा पुतळा लापीझच्या 1910 च्या चढाईचे स्मारक आहे. फरसबंदीवरचे त्याचे राज्य मात्र विजेत्यांच्या यादीतील लागोपाठच्या तीन ओळींत उरले आहे. त्या ओळींच्या खाली 1915 ते 1918 ही चार वर्षे रिकामी आहेत.