चुकून हातात आलेल्या पुस्तकाने घड्याळजीचा जादूगार केला!

मंडळी, आज मुलं मोबाईलवर बघून जादूचे खेळ शिकतात. रॉबेर-हुदाँ हा फ्रेंच तरुण ते पुस्तकातून शिकला, आणि तेही चुकून!

१८०५ साली ब्लुआ गावात त्याचा जन्म झाला. वडील घड्याळजी, पण पोराने वकील व्हावं असं त्यांना वाटायचं. पोराचा जीव मात्र घड्याळातल्या चाकांत अडकलेला. आत्मचरित्रात तो सांगतो, की घड्याळांवरचं पुस्तक घ्यायला गेला आणि दुकानदाराने गडबडीत भलतंच बांधून दिलं. त्यात होती जादूची गुपितं! पण गुपित कळलं तरी बोटं कशी चालवायची, हे त्यात नव्हतं. मग रस्त्याने चालताना खिशात हात घालून तासन्‌तास सराव.

१८४५ मध्ये, चाळिशीला टेकल्यावर, पॅरिसला स्वतःचं थिएटर. तिथे डोळ्यांवर पट्टी बांधलेला त्याचा मुलगा एमिल प्रेक्षकांच्या वस्तू ओळखायचा.

१८६८ मध्ये त्याने स्वतःच जादू शिकवणारं पुस्तक लिहिलं, हातांच्या हालचालींसकट.

१८७१ मध्ये तो वारला. पुढे अमेरिकेतल्या एरिक वाइस नावाच्या मुलाने त्याचं आत्मचरित्र वाचून 'हुडिनी' हे नाव घेतलं. गंमत म्हणजे, याच हुडिनीने १९०८ मध्ये आपल्या या गुरूवर टीका करणारं अख्खं पुस्तक लिहिलं!