विश्लेषण : ‘स्ट्रीटवेअर’चा पाया घालणारे विली स्मिथ कोण होते?

‘स्ट्रीटवेअर’ म्हटले की आज महागडे हुडी आणि स्नीकर्स आठवतात. मात्र त्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या विली स्मिथ या कृष्णवर्णीय अमेरिकी डिझायनरला सामान्यांच्या खिशाला परवडणारे कपडे करायचे होते.

सुरुवात कशी झाली?
स्मिथ यांचा जन्म १९४८ मध्ये फिलाडेल्फियात झाला. न्यूयॉर्कच्या पार्सन्स स्कूल ऑफ डिझाइनमधील शिक्षण अर्धवट राहिले. १९६९ पासून ‘डिजिट्स’ या कंपनीसाठी काम करताना त्यांचे नाव झाले. पण बहीण टुकी यांच्यासोबत काढलेला स्वतःचा ब्रँड चालला नाही.

दुसरा प्रयत्न का यशस्वी ठरला?
१९७६ मध्ये लॉरी मॅले यांच्यासोबत त्यांनी ‘विलीवेअर’ सुरू केली. डिझाइन स्मिथ यांचे, व्यवसाय मॅले यांच्याकडे, अशी कामाची वाटणी होती. सुरुवातीचे कपडे भारतात, सुती कापडात तयार झाले. सैलसर, घरी धुता येणारे आणि कशावरही घालता येणारे हे कपडे लोकांना आवडले. १९८३ मध्ये अमेरिकी फॅशन समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला. १९८६ पर्यंत वार्षिक विक्री सुमारे अडीच कोटी डॉलरवर पोहोचली.

मग ब्रँड बंद का पडला?
एप्रिल १९८७ मध्ये एड्सशी संबंधित आजाराने स्मिथ यांचे ३९व्या वर्षी निधन झाले. मॅले यांनी काही काळ कंपनी चालवली, पण १९९० मध्ये ती बंद झाली. व्यवहार सांभाळायला भागीदार होता, डिझायनरची जागा मात्र भरून निघाली नाही. एकाच माणसाच्या नजरेवर उभ्या राहिलेल्या प्रत्येक छोट्या ब्रँडपुढे हाच धोका आजही आहे.