बॉस्टनचा पेढीवाला

ऑर्केस्ट्रा म्हटले की आपल्या पिढीला गणेशोत्सवाच्या मांडवातली हिंदी गाणी आठवतात. इथे ज्याची गोष्ट आहे तो वाद्यवृंद वेगळा. साठ-सत्तर वादक, पुढ्यात स्वरलिपीचे कागद, समोर छोटी काठी घेतलेला संचालक, आणि या सगळ्यांना ठरलेला पगार. तिकिटांच्या पैशांतून एवढा खर्च निघत नाही. युरोपात पूर्वी तो राजेरजवाडे करत. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात मात्र तो ३७ वर्षे एका माणसाने केला. त्यांचे नाव हेन्री ली हिगिन्सन.

जन्म १८३४ चा. वडील बॉस्टनच्या ली, हिगिन्सन या पेढीचे भागीदार. मुलगा हार्वर्डमध्ये शिकायला गेला, पण डोळ्यांच्या त्रासामुळे काही महिन्यांतच त्याला कॉलेज सोडावे लागले. पुढे १८५६ मध्ये तो व्हिएन्नाला गेला तो पियानो शिकायला. वादक व्हायचे हेच मनात होते. डोकेदुखीवर उपाय म्हणून दंडातून रक्त काढण्यात आले आणि हात कायमचा अधू झाला. तिथे पियानो संपला. संगीत ऐकण्याची भूक तेवढी शिल्लक राहिली, आणि व्हिएन्नात साध्या माणसालाही जे ऐकायला मिळते ते आपल्या गावात का मिळू नये, हा प्रश्न.

त्यानंतर यादवी युद्ध. घोडदळात मेजर असताना १८६३ मध्ये ऑल्डीच्या लढाईत ते जबर जखमी झाले. युद्ध संपल्यावर जॉर्जियात मित्रांबरोबर कापसाची शेती केली, तीही बुडाली. अखेर १८६८ मध्ये ते वडिलांच्या पेढीवर बसले. मनापासून बसले असे वाटत नाही. पण रेल्वे आणि तांब्याच्या खाणी यांच्या त्या काळात पेढी वाढली आणि हिगिन्सन श्रीमंत झाले.

१८८१ मध्ये त्यांनी जुना बेत कागदावर मांडला. हा हिशेब मुळातून पाहण्यासारखा आहे. साठ वादक, प्रत्येकी वर्षाला १,५०० डॉलर, म्हणजे ९०,०००. संचालकाचे ३,००० आणि मुख्य वादकांचे जादा ७,००० धरून एक लाख. निम्मे तिकिटांतून येतील. उरलेली ५०,००० ची तूट भरायला दहा लाखांची मुद्दल लागेल. शाळेत आपल्याकडे कुणाच्या तरी स्मरणार्थ ठेव ठेवतात आणि व्याजातून संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्याला बक्षीस देतात, तीच ही रीत. फक्त आकडा मोठा.

तेवढी मुद्दल बाजूला काढणे तेव्हा त्यांना शक्य नव्हते. म्हणून त्यांनी मुद्दलीची वाट न पाहता काम सुरू केले आणि दरवर्षी येईल ती तूट स्वतः भरायचे ठरवले. २२ ऑक्टोबर १८८१ रोजी जॉर्ज हेन्शेल यांच्या संचालनाखाली बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राची पहिली मैफल झाली. गरिबालाही येता यावे म्हणून २५ सेंटचे तिकीट ठेवले.

सगळे गोड होते असे नाही. ठरलेल्या दिवशी वादकांनी दुसरीकडे वाजवू नये अशी अट पुढच्याच वर्षी आली, तेव्हा वर्तमानपत्रांनी या माणसाला मक्तेदार ठरवले. वादकांची संघटना त्यांनी आपल्या वाद्यवृंदात कधी येऊ दिली नाही. पगार देणारा एकटा आणि ठरवणाराही एकटाच. दुसरीकडे १९०३ मध्ये वादकांसाठी निवृत्तिवेतनाचा निधीही त्यांच्याच काळात उभा राहिला. १९०० मध्ये सिम्फनी हॉल बांधून झाला. आवाज सभागृहात कसा फिरेल याचे गणित हार्वर्डच्या वॉलेस सबीन या तरुण प्राध्यापकाकडून आधी करून घेतले होते. त्या सभागृहाची कीर्ती आजही टिकून आहे.

आपल्या मेळाव्याच्या निमित्ताने आणखी एक सांगायला हवे. पदवी न घेता सोडलेल्या त्या हार्वर्डला हिगिन्सन यांनी १८९० मध्ये ३१ एकरांचे मैदान दिले. त्याला स्वतःचे नाव दिले नाही. ‘सोल्जर्स फील्ड’ हे मैदान त्यांनी आपल्या सहा दिवंगत मित्रांच्या स्मरणार्थ अर्पण केले. बरेचसे त्या युद्धात गेलेले.

वाद्यवृंदाच्या बाबतीत मात्र मुद्दल साठलीच नाही. ३७ वर्षांत त्यांनी भरलेली तूट दहा लाख डॉलरच्या आसपास गेली, म्हणजे १८८१ च्या कागदावर लिहिली होती जवळजवळ तेवढीच रक्कम. फरक एवढाच की ती दरवर्षी खर्चून गेली. तिच्यामुळे एका पिढीला उत्तम संगीत मिळाले, हे काही कमी नाही. पण तूट भरणारा हात थांबला की पुढे काय, याचे उत्तर त्या रकमेत नव्हते.

हात थांबला तो वाईट वेळी. पहिल्या महायुद्धात जर्मनविरोधी वारे वाहत असताना मार्च १९१८ मध्ये संचालक कार्ल मुक यांना अटक झाली. हिगिन्सन यांनी त्यांची पाठराखण केली होती. त्यांच्यावरही टीकेचा भडिमार झाला. वय ८३, संपत्तीही पहिल्यासारखी नव्हती. त्याच वर्षी त्यांनी वाद्यवृंद विश्वस्तांच्या हाती सोपवला. १४ नोव्हेंबर १९१९ रोजी, पंच्याऐंशी पूर्ण व्हायला चार दिवस असताना, ते गेले. तूट भागवील अशी मूळ ठेव मागे नव्हती.

विश्वस्तांना आता गावाकडे हात पसरावा लागला. चार महिन्यांत, मार्च १९२० मध्ये, पगार आणि संघटना या दोन्ही प्रश्नांवर वादकांनी संप केला आणि तीसएक जण सोडून गेले. नवे संचालक पिएर मॉन्तो यांनी उरलेल्यांना घेऊन मैफली चालू ठेवल्या आणि पुढच्या काही वर्षांत रिकाम्या खुर्च्या एकेक करून भरल्या.