खाशाबांची पारख
कराडजवळच्या गोळेश्वर येथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या या मल्लाने मातीत कुस्ती गिरविलेली. मॅटचा सराव नसतानाही १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने सहावे स्थान मिळविले. त्या सहाव्या स्थानात प्राचार्य बॅ. खर्डेकरांना पुढची झेप दिसली. त्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. वरच्या, ५७ किलो वजनगटात उतरलेल्या खाशाबांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक जिंकून हा विश्वास सार्थ ठरविला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. पुढे ते पोलिस दलात दाखल झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्काराने मात्र त्यांची पारख मरणोत्तर केली.