शिष्यवृत्ती गमावलेला सेनापती

पुण्यातील सेनापती बापट रस्त्यावर विद्यार्थ्यांची वर्दळ कधी थांबत नाही. सिम्बायोसिस संस्थेचे मुख्यालय याच रस्त्यावर आहे आणि तिच्या अभिमत विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर मुळशी तालुक्यातील लवळे गावच्या डोंगरावर उभा आहे. रस्त्याला ज्यांचे नाव आहे, ते पांडुरंग महादेव बापट मुळशीच्या लढ्यामुळे सेनापती झाले, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र त्याआधी ते आपल्या पिढीतील अत्यंत हुशार विद्यार्थ्यांपैकी एक होते, शिष्यवृत्तीच्या बळावर अभियांत्रिकी शिकण्यासाठी विलायतेला गेले होते आणि ती शिष्यवृत्ती त्यांच्या मतांपायी बंद झाली होती, ही हकिकत काहीशी मागे पडली आहे.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. अशा घरातील मुलाने मॅट्रिकच्या पुढे जायचे, तर त्या काळी दोनच वाटा होत्या. एक नातेवाइकांकडे वार लावून जेवण्याची, दुसरी शिष्यवृत्तीची. बुद्धीने बापटांना दुसरी वाट मोकळी करून दिली. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. मुंबई विद्यापीठाच्या परिसरात या शिष्यवृत्तीचा दबदबा मोठा होता. ती मिळवणाऱ्याचे नाव पुढे आयुष्यभर त्या ओळखीने घेतले जाई. पुढच्याच वर्षी ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले.

या कॉलेजची कुळकथाही विद्येच्या पैशाचीच आहे. पेशव्यांच्या काळी श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलात हळूहळू आटवली गेली आणि त्या निधीचा काही भाग पुण्यातील पाठशाळेकडे, पुढे कॉलेजकडे वळला. हुशार पदवीधरांना मिळणारी दक्षिणा फेलोशिप ही त्याच दक्षिणेची नवी आवृत्ती. येरवड्याच्या टेकडीवरील इमारतीसाठी जमशेदजी जीजीभॉय यांनी भरघोस देणगी दिली. धर्मदाय, व्यापाऱ्याचे दान आणि सरकारी अनुदान या तीन पायांवर महाराष्ट्रातील उच्चशिक्षण उभे होते. चौथा पाय होता तो शिकवणाऱ्यांच्या त्यागाचा. फर्ग्युसन कॉलेजात गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारखे आजीव सदस्य दरमहा ७५ रुपयांवर शिकवीत होते.

डेक्कन कॉलेजात असतानाच, १९०२ साली, दामोदर बळवंत भिडे यांच्या सहवासात बापटांनी तलवारीवर हात ठेवून देशासाठी आयुष्य वाहण्याची शपथ घेतली. १९०३ साली ते बी. ए. झाले. त्यानंतर काही काळ मुंबईत शिक्षकी करून त्यांनी मंगळदास नथूभाई शिष्यवृत्ती मिळवली. मुंबईचे गिरणीमालक सर मंगळदास नथूभाई यांनी हिंदू तरुणांना युरोपात जाऊन शिकता यावे म्हणून विद्यापीठाच्या हवाली केलेल्या देणगीतून ती दिली जात असे. समुद्र ओलांडणे हे पाप मानणाऱ्या समाजात शेटजींनी हा निधी ठेवला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या दूरदृष्टीचे मोल कळते.

बापट निघाले ते १९०४ साली. लॉर्ड कर्झन यांचा विद्यापीठविषयक कायदा याच वर्षी झाला. विद्यापीठांच्या सिनेटमध्ये सरकारनियुक्त सभासदांचे वर्चस्व वाढवणारा आणि कॉलेजांच्या संलग्नतेच्या अटी कडक करणारा हा कायदा शिक्षणाचा दर्जा सुधारण्याच्या नावाखाली आला. गोखल्यांनी त्याला विधिमंडळात कसून विरोध केला. शिकलेला हिंदी तरुण ही आता सरकारला अडचण वाटू लागली होती, आणि बापट तर तशा तरुणांतले अग्रणीच ठरायचे होते.

एडिंबरोच्या हेरियट वॅट कॉलेजात त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचा अभ्यास सुरू केला. त्याचबरोबर नेमबाजी शिकण्याचीही संधी साधली. लंडनमध्ये श्यामजी कृष्ण वर्मा यांच्याशी त्यांचा संबंध आला. हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्याचे वाभाडे काढणारे आपले विचार त्यांनी एडिंबरोत उघडपणे मांडले आणि ते छापूनही काढले. परिणाम व्हायचा तोच झाला. मुंबई विद्यापीठाने शिष्यवृत्ती थांबवली. परमुलखात, हाती पैसा नसताना, शिक्षण अर्ध्यावर असताना हा घाव बसला. गप्प राहिले असते तर अभ्यासक्रम पुरा करून ते एखाद्या मोठ्या हुद्द्यावर परतले असते, यात शंका नाही.

येथे विद्यापीठाला केवळ दोष देऊनही भागत नाही. पैसा मंगळदास शेटजींचा, तो सांभाळणारे विद्यापीठ सरकारच्या तंत्राने चालणारे, आणि शिष्यवृत्ती घेणारा त्याच सरकारचा वैरी, असा तिढा होता. शिष्यवृत्ती गुणांवर मिळते आणि वर्तनावर टिकते, ही त्यातली न लिहिलेली अट. श्यामजींनी हा तिढा आपल्या परीने सोडवला होता. त्यांनी हिंदी पदवीधरांसाठी प्रत्येकी २ हजार रुपयांच्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या त्या, घेणाऱ्याने पुढे ब्रिटिश सरकारची नोकरी करायची नाही या अटीवर. लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने विनायक दामोदर सावरकर १९०६ साली लंडनला गेले ते अशाच एका शिष्यवृत्तीवर. म्हणजे अट तिकडेही होती, फक्त उलट्या दिशेची. पुढे १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यांना करून द्यावा लागला. मुदत संपताच लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना १९१७ साली परतावे लागले. तो त्यांनी स्वतःच्या पैशाची जुळवाजुळव करून नंतर पुरा केला. दुसऱ्याच्या पैशावर शिकणाऱ्या हुशार मुलाला किंमत मोजावी लागतेच. ती कोणत्या नाण्यात, एवढाच प्रश्न असतो.

बापटांनी ती मोजली आणि मागे वळून पाहिले नाही. १९०७ साली ते पॅरिसला गेले. बंगालचे हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास यांच्यासह रशियन क्रांतिकारकांकडून बाँब तयार करण्याची विद्या त्यांनी मिळवली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे शिक्षण हे असे भलत्याच प्रयोगशाळेत पुढे सरकले. १९०८ साली ते मायदेशी आले. अलीपूर खटल्यात माफीच्या साक्षीदाराने त्यांचे नाव घेतल्यामुळे त्यांना भूमिगत व्हावे लागले. चारेक वर्षे भटकल्यावर १९१२ च्या अखेरीस इंदूरला ते पकडले गेले, पण पुराव्याअभावी सुटले.

पारनेरला परतल्यावर या विलायत पाहून आलेल्या पदवीधराने हाती झाडू घेतला. गावातले रस्ते झाडणे, घाण उपसणे हे काम त्यांनी व्रत म्हणून पत्करले. मुलगा झाला तेव्हा पहिल्या पंगतीचा मान त्यांनी अस्पृश्यांना दिला. पुढे पुण्यात त्यांनी वृत्तपत्रांत काम केले आणि डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशातही हातभार लावला. या उपक्रमाची आर्थिक बाजू मोठी नमुनेदार होती. राजाश्रय नाही, विद्यापीठाचे पाठबळ नाही, तेव्हा केतकरांनी मर्यादित कंपनी काढून लोकांना भाग विकले आणि ज्ञानकोशाचे भांडवल उभे केले. कॉलेजचे तोंड ज्याला पाहता आले नाही, त्या मराठी वाचकाच्या घरी जगातली विद्या पोहोचवण्याचा तो खटाटोप होता.

अशा वेळी मुळशीची हाक आली. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीने धरणाचे काम काढले होते. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. त्यासाठी मावळातील पन्नासहून अधिक गावे आणि सुमारे ११ हजार माणसे बाधित होणार होती. जाणार होती ती आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी धरणाच्या जागेवर ठाण मांडले. विनायकराव भुस्कुटे यांच्यासह बापट या लढ्याचे नेते झाले आणि लोकांनी त्यांना सेनापती ही पदवी दिली. कोणत्याही विद्यापीठाची नसलेली हीच पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

एका गोष्टीचा येथे उल्लेख करायला हवा. ज्या टाटा घराण्याच्या कंपनीविरुद्ध मावळे उभे होते, त्याच घराण्याच्या जमशेटजींनी १८९२ साली हिंदी तरुणांना परदेशी उच्चशिक्षण घेता यावे म्हणून कर्जाऊ शिष्यवृत्तीचा निधी स्थापन केला होता. बंगळूरची विज्ञानसंस्थाही त्यांच्याच दानातून उभी राहिली. दान खोटे नव्हते आणि मावळ्यांचे दुःखही खोटे नव्हते. पण त्या निधीपर्यंत पोहोचण्यासाठी आधी पदवीधर व्हावे लागे, आणि मावळातल्या कुळाच्या मुलाला मॅट्रिकसुद्धा आवाक्याबाहेरचे होते. सत्याग्रह सुरू झाला त्याच वर्षी रँग्लर परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला जाऊन आलेला आणि फर्ग्युसनमध्ये तुटपुंज्या पगारावर शिकवलेला हा माणूस. नव्या सुधारणांनुसार शिक्षण हे खाते हिंदी मंत्र्याकडे आले. अर्थखाते मात्र गव्हर्नरांनी आपल्या राखीव बाजूकडेच ठेवले. शाळा कुणी काढायच्या आणि पैसे कुणी द्यायचे, या दोन प्रश्नांची फारकत तेव्हापासूनची आहे.

लढ्यात फूट पडायला वेळ लागला नाही. मुळशीच्या बऱ्याच जमिनींवर पुण्याच्या सावकारांचा ताबा होता. भूसंपादन कायद्याखाली मोबदला चांगला मिळतोसे दिसताच त्यांचा विरोध मावळला. कसणारी कुळे उघडी पडली. बापटांना दोनदा तुरुंगवास झाला. अखेर १९२४ साली त्यांनी धरणाचे सामान नेणारी गाडी अडवली. या वेळी त्यांच्यापाशी शस्त्रे होती. अहिंसेची मर्यादा ओलांडली गेल्याची टीका झाली आणि सात वर्षांची शिक्षा भोगून ते १९३१ साली सुटले. तोवर धरण पुरे होऊन सह्याद्रीखालच्या भिरा केंद्रातून मुंबईकडे वीज वाहू लागली होती.

त्याच मुळशी तालुक्याला गेल्या काही दशकांत उच्चशिक्षणाचे केंद्र म्हणून नाव मिळाले. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना वाट मोकळी झाली, पुढे खासगी व अभिमत विद्यापीठे आली आणि लवळे, पौड परिसरातील डोंगरउतारांवर देशोदेशींचे विद्यार्थी राहू लागले. जागा वाढल्या, तसे शुल्कही वाढले. २०२४ साली राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ केले, तेव्हा त्यातून खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळली. त्यामुळे मुळशीतील शेतकऱ्याच्या मुलीला ही माफी हवी असेल, तर आपल्या डोंगरावरचे विद्यापीठ सोडून पुण्याची बस धरणे भाग आहे.

सुटकेनंतरही बापटांची तुरुंगवारी संपली नाही. भाषणासाठी त्यांना पुन्हा शिक्षा झाली. सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकचे काम त्यांनी महाराष्ट्रात केले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. पुढे गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्र या दोन्ही लढ्यांत हा वृद्ध सेनापती आघाडीवर राहिला. अलीपूर खटल्यातील एक प्रमुख आरोपी अरविंद घोष पुढे पाँडेचरीचे योगी झाले. त्यांच्या ग्रंथांचे मराठी अनुवाद बापटांनी चिकाटीने केले. संस्कृत शिष्यवृत्तीच्या काळी मिळवलेली विद्या अशी कामी आली. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय ८७ वर्षांचे होते.