होळकरांची केशरी-काळी ड्यूसेनबर्ग: लाल दिवा महाराजांचा, निळा महाराणींचा

व्हिंटेज गाड्यांचे रील बघायचा नाद असेल, तर ही गाडी कधीतरी तुमच्या स्क्रीनवरून गेली असणार. संपता संपत नाही असं लांब बॉनेट, त्याच्या बाजूनं बाहेर आलेले चकचकीत एक्झॉस्ट पाईप आणि मागं होडीच्या टोकासारखी निमुळती होत गेलेली शेपटी. रंग केशरी आणि काळा.

इंजिन अमेरिकेचं, बॉडी लंडनची आणि मालक आपला मराठी माणूस. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे.

यशवंतराव जन्मले ६ सप्टेंबर १९०८ ला. गादी मिळाली ती मात्र एका मोटारीवर झालेल्या हल्ल्यामुळे. १२ जानेवारी १९२५ ला मुंबईच्या मलबार हिलवर काही लोकांनी अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची गाडी अडवली. गाडीत मुमताज बेगम होती, ती आधी इंदूर दरबारात नाचायची आणि तिथून निघून आली होती. हल्लेखोरांना तिला पळवून न्यायचं होतं. त्यात बावलाचा खून झाला आणि धागेदोरे इंदूरपर्यंत पोचले. इंग्रज सरकारनं तुकोजीराव महाराजांपुढे दोन पर्याय ठेवले: चौकशीला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. १९२६ मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली आणि १७ वर्षांचा मुलगा महाराज झाला.

हा मुलगा शिकत होता इंग्लंडमध्ये. आधी चार्टरहाउस शाळा, मग ऑक्सफर्डचं ख्राइस्ट चर्च कॉलेज. १९२४ मध्येच त्याचं लग्न कोल्हापूरकडच्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताराजेंशी झालं होतं. दोघंही उंच, शिडशिडीत आणि देखणे. युरोपातल्या चित्रकारांना आणि फोटोग्राफरना हे जोडपं फार आवडायचं. मॅन रे यांनी त्यांचे फोटो काढले, बर्नार्ड बुते द मोंव्हेल यांनी यशवंतरावांची दोन मोठी चित्रं केली, एक पाश्चात्त्य सुटातलं आणि एक मराठा पोशाखातलं. ही दोन चित्रं शेजारी ठेवली की या माणसाची अर्धी गोष्ट कळते.

१९३० मध्ये राज्याचे पूर्ण अधिकार हातात आले. नव्या महालासाठी यशवंतरावांनी ना राजस्थानी कमानी निवडल्या, ना इंग्रजी घुमट. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून त्यांनी माणिकबाग बांधून घेतला. सरळ रेषा, धातू, काच आणि त्या काळातल्या नामांकित युरोपीय डिझायनरांचं फर्निचर. ब्रांकुशी या शिल्पकाराचे तीन पक्षी त्यांनी घेतले, एक ब्राँझचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा. त्यांच्यासाठी इंदुरात एक मंदिर बांधायचं ठरलं, तेवढ्यासाठी ब्रांकुशी इंदूरला येऊनही गेले. मंदिर काही झालं नाही.

अशा माणसाची गाडी साधी कशी असेल?

फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे जर्मनीत जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले दोघे भाऊ. त्यांच्या कंपनीची मालकी पुढे ई. एल. कॉर्ड यांच्याकडे गेली आणि १९२८ मध्ये 'मॉडेल जे' बाजारात आलं. कंपनी ग्राहकाला पूर्ण गाडी विकतच नव्हती. मिळायची ती फक्त चॅसी, म्हणजे सांगाडा आणि इंजिन, किंमत ८,५०० डॉलर. फोर्डची अख्खी साधी गाडी तेव्हा ५०० डॉलरच्या आसपास पडायची. ड्यूसेनबर्गवर बॉडी चढवायची तर ती वेगळ्या कारागिराकडून, वेगळे पैसे मोजून.

त्या पैशात काय मिळायचं? सुमारे ६.९ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, कंपनीच्या सांगण्याप्रमाणे २६५ हॉर्सपॉवरचं. सुपरचार्जर लावलेल्या 'एसजे'चा आकडा ३२०. पण खरी गंमत डॅशबोर्डवर होती. स्टॉपवॉच होतं, समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारं यंत्र होतं. चॅसीच्या सांध्यांना गाडी चालता चालता आपोआप वंगण मिळायचं. आणि ठराविक मैल झाले की डॅशवर दिवे लागायचे: आता ऑइल बदला, आता बॅटरीचं पाणी बघा. आजच्या गाडीतला सर्व्हिसचा दिवा आपल्याला नवा वाटतो. इथं तेच काम कॉम्प्युटरशिवाय, नुसती दातेरी चाकं मोजून व्हायचं.

यशवंतरावांनी 'एसजे'ची चॅसी घेतली आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडे दिली. डिझाइन ए. एफ. मॅकनील यांचं. १९३५-३६ च्या सुमाराला गाडी तयार झाली. एवढी अवाढव्य गाडी आणि मुख्य बैठक फक्त दोघांची. होळकरांच्या गाड्यांवर पुढं लाल आणि निळे दिवे होते असं सांगतात. लाल पेटला की आत महाराज, निळा पेटला की महाराणी, म्हणजे रस्त्यावरच्या पोलिसाला सलाम कुणाला ठोकायचा ते लांबूनच कळावं.

त्याच वर्षांत आमच्या आर्वीहून पुलगाव गाठायचं तर नॅरोगेजची छोटी गाडी होती, जेमतेम ३५ किलोमीटरसाठी. आणि इंदुरात ताशी २०० किलोमीटरच्या पुढं जाते असा कंपनीचा दावा असलेली मोटार. हा पैसा अखेर रयतेचा होता, हे गाडी कितीही आवडली तरी विसरता येत नाही. पण सोनं-हिरे मढवून हत्तीसारख्या गाड्या मिरवणारे संस्थानिक तेव्हा कमी नव्हते. त्यांच्यापुढं यशवंतरावांची नजर वेगळीच होती. शोभा त्यांना रेषेत दिसायची. पुढं अमेरिकन लक्झरी कूपे गाड्यांनी हीच भाषा घोटली: लांब नाक, दोन दारं, मागं उतरती पाठ. १९७१ च्या ब्यूक रिव्हिएराची होडीसारखी शेपटी बघा आणि मग ही ड्यूसेनबर्ग बघा.

१९३७ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनी बंद पडली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये संयोगिताराजे गेल्या. वय पंचविशीच्या आतलं, मागं लहानगी मुलगी उषा. दोघांसाठी बेतलेल्या महालात आणि गाडीत आता एकजण उरला.

त्यानंतर यशवंतरावांचं बरंच आयुष्य अमेरिकेत गेलं. पुढची दोन्ही लग्नं अमेरिकन स्त्रियांशी झाली. शेवटच्या लग्नापासून १९४४ मध्ये मुलगा रिचर्ड झाला. इकडे त्यांच्याच आश्रयाखाली होळकर क्रिकेट संघ नागपूरच्या सी. के. नायडूंच्या नेतृत्वात रणजी गाजवत होता. १९४८ मध्ये इंदूर मध्य भारतात विलीन झालं. ५ डिसेंबर १९६१ ला मुंबईत यशवंतराव वारले, वय ५३.

माणिकबागेतलं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोला लिलावात निघालं. संगमरवराचे दोन पक्षी ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या सरकारी संग्रहालयात आहेत. केशरी-काळी गाडी अमेरिकेतल्या संग्राहकांकडे परत गेली. आणि माणिकबाग महालात आज केंद्र सरकारच्या कर खात्याचं कार्यालय चालतं.